कर्तव्य आणि उपकार : 'ऑब्लाइज' या क्रियापदाचा अर्थ आणि वापर

(अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इंग्रजी अंमलाबरोबर आपल्याकडे पत्रलेखनाची जी रीत आली, तिचा एक अवशेष अजूनही सरकारी फायलींत आणि शाळकरी वह्यांत टिकून आहे. रजेचा अर्ज इंग्रजीत लिहिण्यास शिकविताना मुलांकडून शेवटचे वाक्य घोटून घेतले जाते : दोन दिवसांची रजा मंजूर करावी 'अँड ऑब्लाइज'. नोकरीचा अर्ज, बदलीची विनंती, थकलेल्या देयकाचे स्मरणपत्र या सर्वांच्या अखेरीस हे दोन शब्द येऊन बसतात. ज्यांनी ते शेकडो वेळा लिहिले, त्यांना नेमका अर्थ विचारला तर उत्तर देताना थोडे थांबावे लागते. कोणी म्हणेल, 'उपकार करावेत'. कोणी म्हणेल, 'आभारी करावे'. शब्दकोश उघडून पाहिला तर मात्र त्यात बहुधा आधी 'भाग पाडणे, बंधन घालणे' हा अर्थ दिलेला आढळतो. ज्या साहेबांकडे रजा मागावयाची, त्यांच्याशी भाग पाडण्याची भाषा त्या नम्र अर्जात कशी आली, हा प्रश्न साहजिकच पडावा.

त्याचे उत्तर त्या वाक्याच्या जुन्या रचनेत आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी पत्रांत हे वाक्य 'ऑब्लाइज' या शब्दापाशी संपत नसे. ते खाली उतरून थेट सहीपर्यंत जात असे. हा चिठ्ठी आणणाऱ्याबरोबर अमुक पुस्तक पाठवावे आणि ऑब्लाइज करावे, कोणाला, तर 'आपल्या आज्ञाधारक सेवकाला'; आणि त्याखाली नाव. म्हणजे सही करणारा हा त्या क्रियापदाचे कर्म होता. हिंदुस्थानातील लिपिकांनी आणि शिक्षकांनी हे सूत्र उचलले, परंतु पुढे केव्हा तरी 'ऑब्लाइज' नंतर पूर्णविराम पडला आणि कर्म गळून गेले. व्याकरणाच्या शिक्षकांनी लक्षात घ्यावे की, हे कर्म हरवलेले सकर्मक क्रियापद आहे. आणि जे हरवले तेच महत्त्वाचे होते. येथे बांधले कोणाला जात आहे, हे त्या कर्मावरून कळत होते.

'बांधणे' हा शब्द येथे अलंकारिक नाही. 'ऑब्लाइज' हे क्रियापद जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले आणि फ्रेंचमध्ये ते लॅटिनमधून आले. लॅटिन 'लिगारे' म्हणजे बांधणे, जखडणे. त्याच मुळापासून हाडांना हाडांशी बांधणारे 'लिगामेंट', दोन राष्ट्रांना तहाने बांधणारी 'अलायन्स' आणि कचेरीतील 'लिएझॉन' अधिकारी हे शब्द निघाले. आपल्याकडे रोज निघणारी 'रॅली'देखील फ्रेंचमार्गे याच कुळातील आहे. पांगलेल्यांना पुन्हा एकत्र बांधणे हा तिचा मूळ अर्थ.

प्राचीन रोममध्ये हे बांधणे दोरीचे आणि लोखंडाचे होते. इसवी सनापूर्वी ४५१-४५० च्या सुमारास तेथे 'बारा पट्टिकां'चा कायदा झाला. त्यात निकाल लागूनही ऋण न फेडणाऱ्या माणसाला सावकाराने बेड्या घालून आपल्या घरी ठेवावे, अशी मुभा होती. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात ऋणासाठी देह जखडण्याची ही प्रथा कायद्याने मोडण्यात आली. बेडी गेली, पण शब्द राहिला. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने इ. स. ५३३ मध्ये कायद्याचे जे पाठ्यपुस्तक सिद्ध झाले, त्यात 'ऑब्लिगेशन' म्हणजे एखादी गोष्ट करून देण्यास माणसाला बांधणारा कायद्याचा बंध, अशा आशयाची व्याख्या आहे. युरोपातील दिवाणी कायद्याचा फार मोठा भाग या व्याख्येवर उभा राहिला. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ किंवा भारतीय न्यास अधिनियम, १८८२ यांतील दायित्वाची कल्पनाही इंग्रजी कायद्यामार्फत त्याच परंपरेशी नाते सांगते.

इंग्रजीत हे क्रियापद इ. स. १३०० च्या सुमारास आले, तेव्हा त्याचा अर्थ शपथेने किंवा वचनाने बांधणे एवढाच होता. उपकाराचा अर्थ त्याला चिकटला तो सोळाव्या शतकात. त्यामागची विचारसरणी सरळ आहे. कोणी आपल्यावर उपकार केला म्हणजे आपण त्याच्याशी बांधले गेलो. पुढे त्याचे काम पडले तर नाही म्हणण्याची सोय उरली नाही. म्हणून उपकार करणे हेच 'बांधणे' झाले. 'मच ऑब्लाइज्ड' म्हणजे 'मी फार बांधला गेलो आहे'. अडल्यानडल्याला मदत करणारा मनुष्य 'ऑब्लायजिंग' ठरला आणि शब्दातील बेडीचा आवाज सौजन्याच्या पडद्याआड गेला.

सौजन्याच्या या काळात शब्दाचा उच्चारही बदलला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या उच्चभ्रू समाजात फ्रेंच वळणाने 'ऑब्लीज' असे म्हणण्याची ऐट होती. कवी अलेक्झांडर पोप याने १७३५ च्या एका काव्यात या शब्दाचे यमक 'बिसीज्ड' या शब्दाशी जुळविले आहे. पुढे लॉर्ड चेस्टरफील्ड याने आपल्या मुलाला लिहिलेल्या पत्रांत हाच उच्चार गावंढळपणाचे लक्षण म्हणून नोंदविला. एका पिढीची ऐट दुसऱ्या पिढीत गावठी ठरते, हा अनुभव इंग्रजीपुरता मर्यादित नाही.

उपकार मानण्यासाठी 'बांधलो गेलो' असे म्हणणारी दुसरी एक भाषा आपल्या अगदी शेजारी नांदून गेली. पोर्तुगीज भाषेत आभार मानताना पुरुष 'ओब्रिगादो' म्हणतो आणि स्त्री 'ओब्रिगादा' म्हणते. शब्द तोच, मूळ तेच. त्यावर ऐकणारा 'द नादा' असे उत्तर देतो, म्हणजे 'कशाबद्दल काही नाही'. एकाने गाठ मारावयाची आणि दुसऱ्याने ती लगेच सैल करावयाची, असा हा शिष्टाचार. १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल गोव्यात होता. तरीही कोकणीतील आभाराचा घरगुती शब्द त्या वळणावर गेला नाही. गोव्यातील माणूस 'देव बरें करूं' असे म्हणतो. उपकाराची फेड करण्याचे काम तो देवाकडे सोपवितो आणि ना स्वतःला बांधून घेतो, ना समोरच्याला मोठेपणाच्या उंबरठ्यावर उभे करतो. दोन भाषा चारशे वर्षांहून अधिक काळ एका अंगणात वावरल्या, पण आभाराच्या बाबतीत त्यांचे रस्ते वेगळेच राहिले.

आता या शब्दाच्या पोटातील अडचणीकडे वळू. उपकाराने बांधले जाणे सर्वांनाच सुखाचे वाटते असे नाही. इंग्रज तत्त्वज्ञ टॉमस हॉब्ज याने १६५१ च्या 'लेव्हायथन' या ग्रंथात हे फार स्पष्टपणे मांडले. ज्याला आपण आपल्या बरोबरीचा समजतो, त्याच्याकडून फेडता न येण्याजोगा उपकार घेतला तर वरवर प्रेम दिसते, परंतु आत द्वेष साठतो. कारण उपकार बांधतो आणि बंधन हे दास्यच आहे, असे त्याचे म्हणणे. ज्याचे श्रेष्ठत्व आपण आधीच मान्य केलेले असते त्याच्या उपकाराने मात्र मन नव्याने खचत नाही. हॉब्जचे निरीक्षण कडवट आहे, पण भाऊबंदकीतील कर्जाऊ रकमांचे काय होते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते खोटे वाटणार नाही.

जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या १८१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत याच शब्दाचा एक चटका लावणारा प्रयोग आहे. श्रीमंत डार्सी हा एलिझाबेथला मागणी घालतो. तीही अशा थाटात की, कमी प्रतिष्ठेच्या कुटुंबातील मुलीला मागणी घालून तो जणू तिच्यावर मेहेरबानी करीत आहे. तिच्या नकाराची सुरुवातच 'ऑब्लिगेशन' या शब्दाने होते. अशा प्रसंगी उपकाराची जाणीव व्यक्त करण्याची रीत आहे हे आपणास ठाऊक आहे, परंतु ती जाणीवच मनात नसल्याने आभार मानता येत नाहीत, असे ती सुनावते. न मागितलेल्या उपकाराने बांधून घेण्यास एका सामान्य घरातील मुलीने दिलेला हा नकार आजही वाचकाच्या लक्षात राहतो.

मराठीत या मनःस्थितीसाठी किती शब्द आहेत पाहा. माणूस उपकाराखाली दबतो, मिंधा होतो, ओशाळा होतो. त्याला भीड पडते, आणि 'भीड भिकेची बहीण' हे आपल्या आजीपणजींनी सांगून ठेवले आहे. तो उतराई होऊ पाहतो, पांग फेडू पाहतो. आपल्या 'आभार' शब्दातही 'भार' ऐकू येतो. तेव्हा इंग्रजीत दोरी आहे, मराठीत ओझे आहे. दोन्ही अनुभव एकाच जातीचे आहेत.

परंतु एका महत्त्वाच्या बाबतीत मराठी वेगळी आहे. कर्तव्याने बांधलेला मनुष्य आपल्याकडे 'बांधील' असतो आणि उपकाराने दबलेला 'उपकृत' किंवा 'मिंधा' असतो. बांधील आणि मिंधा या दोघांना मराठी माणूस एका रांगेत बसवीत नाही. 'बांधिलकी' हा शब्द आपण आदराने उच्चारतो; 'मिंधेपणा' खाली मान घालून. लॅटिनमध्येही हा भेद होता. कर्तव्य म्हणजे 'ऑफिसियम' आणि उपकार म्हणजे 'बेनेफिसियम'. पहिल्यावर सिसरोने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये आपल्या मुलासाठी एक ग्रंथ लिहिला. दुसऱ्यावर सेनेकाने पुढच्या शतकात सात भागांचा ग्रंथ लिहिला आणि देणाऱ्याने उपकार विसरावा, घेणाऱ्याने तो स्मरावा, असा विचार त्यात मांडला. यांपैकी 'ऑफिसियम' या शब्दापासून 'ऑफिस' आणि 'ऑफिसर' हे शब्द निघाले. ज्या इमारतीवर आपण 'कार्यालय' अशी पाटी लावतो, तिच्या इंग्रजी नावाचा मूळ अर्थ 'कर्तव्य' असा आहे. 'बेनेफिसियम' पासून आलेला 'बेनिफिशिअरी' हा शब्दही आपल्या परिचयाचा आहे. शासकीय परिपत्रकांत त्याला 'लाभार्थी' म्हणतात. मूळ अर्थाने पाहिले तर एका टेबलाच्या अलीकडे कर्तव्य बसलेले असते आणि पलीकडे उपकार घेणारा उभा असतो. अशी मांडणी असेल, तर गोंधळ होण्यास निराळे कारण लागत नाही.

हा भेद कायद्याच्या तत्त्वज्ञानात नेमकेपणाने दाखविला तो ऑक्सफर्डचे प्राध्यापक एच. एल. ए. हार्ट यांनी, १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द कन्सेप्ट ऑफ लॉ' या ग्रंथात. त्यांचे उदाहरण साधे आहे. एखाद्या दरोडेखोराने पिस्तूल रोखून पैसे मागितले आणि वाटसरूने ते दिले. तेव्हा वाटसरूला पैसे देणे 'ऑब्लाइज्ड' होते, म्हणजे भाग पडले, असे म्हणता येईल. परंतु पैसे देण्याचे त्याच्यावर 'ऑब्लिगेशन' होते, असे कोणी म्हणणार नाही. पहिल्या शब्दप्रयोगात जिवाची भीती आहे, दुसऱ्यात नियम आहे. भीती नसली, पकडले जाण्याची शक्यता नसली, तरी नियमाचे बंधन उरते. एकाच धातूपासून निघालेल्या दोन रूपांत एवढे अंतर आहे, हे दाखविण्यासाठी इंग्रजी वाचकाला एका प्राध्यापकाची गरज लागली. मराठी शेतकऱ्याला लागत नाही. 'पैसे द्यावे लागले', 'पैसे देणे भाग पडले', 'पैसे द्यायला हवेत' आणि 'पैसे देणे लागतो' ही चार वाक्ये तो कधी एकमेकांच्या जागी वापरणार नाही. दरोडेखोराला पैसे 'द्यावे लागतात'. वाण्याचे आपण 'देणे लागतो'. व्याकरण शिकविणाऱ्यांनी विध्यर्थाचा पाठ घेताना ही वाक्ये फळ्यावर लिहून पाहावीत.

मग शासनव्यवहारात अडचण कोठे येते? 'ऑब्लाइज' हे क्रियापद वापरताना दोरीचे टोक कोणाच्या हाती आहे, हे विसरले जाते तेथे. कर्तव्याच्या अर्थाने पाहिले तर कायदा अधिकाऱ्याला बांधतो आणि नागरिक मोकळा असतो. उपकाराच्या अर्थाने पाहिले तर अधिकारी नागरिकाला बांधतो आणि स्वतः मोकळा असतो. शब्द एक, पण बांधलेला मनुष्य बदलला. 'ऑब्लाइज मी' याचे शब्दशः भाषांतर 'मला बांधा' असे होते. जी गोष्ट देण्यास समोरचा मनुष्य स्वतः बांधील आहे, ती मागताना नागरिक आपलेच हात पुढे करतो, ही या अर्जाची खरी विसंगती आहे.

इंग्रजीतून आलेल्या या सवयीला आपल्याकडील जुन्या दरबारी भाषेची जोड मिळाली. 'मेहेरबान तहसीलदारसाहेब यांचे सेवेशी' अशी सुरुवात आणि 'उपकृत करावे ही विनंती' असा शेवट. सुरुवातीला मेहेर, शेवटी उपकार. मधल्या चार ओळींत हक्क.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. घरातील कर्ता पुरुष वारतो. शेतजमीन त्याच्या नावावर असते. त्याची विधवा वारस नोंदीसाठी गावच्या महसूल कर्मचाऱ्याकडे जाते. कोणी तरी तिला अर्ज लिहून देतो, त्यात 'मेहेरबानी' आणि 'उपकार' हे शब्द असतात. कर्मचारी अर्ज ठेवून घेतो आणि पुढच्या आठवड्यात येण्यास सांगतो. ती येते, पुन्हा जाते. तिला वाटते, साहेबांच्या मनात येईल तेव्हा काम होईल. कारण उपकार मागितला आहे आणि उपकाराला मुदत नसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मात्र निराळे सांगते. कलम १४९ प्रमाणे वारसाने प्राप्त झालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला द्यावयाची असते, आणि ती तोंडी किंवा लेखी कशीही देता येते. खबर मिळताच तलाठ्याने तिची लेखी पोच ताबडतोब द्यावयाची असते. कलम १५० प्रमाणे अशी प्रत्येक खबर फेरफार नोंदवहीत नोंदवावयाची असते. म्हणजे त्या बाईने उपकाराचा अर्ज लिहून आणण्याची मुळात गरजच नव्हती. ती ओट्याशी उभी राहून बोलली असती तरी पुरे होते. पोच मिळणे हा तिचा हक्क होता, तारीख पडणे हा तिचा हक्क होता. पोच मिळाली नाही म्हणून कोणत्या दिवशी खबर दिली याचा पुरावा तिच्या हाती राहिला नाही. पुढे दिराने हरकत घेतली की, तो न मिळालेला कागद तिला आठवतो.

हे केवळ महसूल खात्यापुरते आहे असे नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे नोंद पूर्ण झाल्यावर माहिती देणाऱ्याला त्या नोंदीचा लेख निबंधकाने विनामूल्य द्यावयाचा असतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ प्रमाणे अर्जदाराला माहिती कशासाठी हवी आहे हे सांगण्याची आवश्यकता नाही. या अधिनियमाच्या मराठी पाठात 'ऑब्लिगेशन्स' या शब्दासाठी 'आबंधने' हा शब्द योजलेला आहे. काहींना तो जड वाटतो. परंतु त्यात उपकाराची छटा शिरण्यास जागाच नाही. बंध आहे आणि तो प्राधिकरणावर आहे. भाषांतरकारांनी घडविलेल्या अनेक शब्दांची थट्टा होते, ती कधी रास्तही असते, पण हा शब्द थट्टेस पात्र नाही.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कायद्यांत तर हा भेद फार जुना आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ याच्या कलम ६१ मध्ये पालिकेने करावयाचीच अशी कामे आहेत आणि कलम ६३ मध्ये पालिकेला आपल्या विवेकाने करता येतील अशी कामे आहेत. पहिली बंधनकारक, दुसरी स्वेच्छाधीन. नाल्यांची सफाई पहिल्या यादीत येते. नाला साफ झाला म्हणून नागरिकांनी सत्काराचा फलक लावावा अशी अपेक्षा जेव्हा एखादा सदस्य बाळगतो, तेव्हा त्याने या दोन याद्यांची सरमिसळ केलेली असते. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनीही महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मधील कर्तव्यांचे कलम ४५ आणि त्याला जोडलेली ग्रामसूची एकदा याच दृष्टीने वाचून काढण्यासारखी आहे.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने एक पाऊल पुढे टाकले. अधिसूचित सेवांसाठी पदनिर्देशित अधिकारी ठरविण्यात आला, मुदत ठरविण्यात आली, अपिलांची पायरी ठरविण्यात आली आणि योग्य कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे रुपयांपासून पाच हजार रुपयांपर्यंत शास्तीची तरतूद झाली. 'हक्क' हा शब्द अधिनियमाच्या नावातच आहे. तरीही ज्या कार्यालयांत या सेवांच्या याद्या भिंतीवर लावलेल्या आहेत, तेथेच त्या भिंतीखाली बसून 'उपकृत करावे' असे अर्ज लिहिले जातात.

याचा अर्थ सर्वच विनंत्या हक्क असतात असा कोणी काढू नये. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही. कार्यालयाच्या निकडीप्रमाणे ती नाकारता येते. म्हणून कर्मचाऱ्याने रजेच्या अर्जात विनंतीची भाषा वापरली तर ती वस्तुस्थितीला धरूनच आहे. बदलीची सोय, सभागृह तात्पुरते वापरण्यास मिळणे, ठरलेल्या वेळेपलीकडे थांबून कोणी कागद शोधून देणे, या गोष्टींत खरोखरच समोरच्याचा विवेक आणि चांगुलपणा असतो. तेथे आभार मानणे योग्यच. एवढेच नव्हे, तर कर्तव्य म्हणून केलेल्या कामाबद्दलही कोणी दोन गोड शब्द बोलला तर त्याला अडविण्याचे कारण नाही. आभार काम झाल्यावर मानले तर ते सौजन्य. काम होण्यापूर्वी लिहून घेतले तर ती गहाणखत लिहून दिल्यासारखी गोष्ट होते.

अधिकाऱ्याच्या बाजूनेही या क्रियापदाचा धोका आहे. अधिकारी ज्याप्रमाणे दुसऱ्याला उपकृत करतो, त्याप्रमाणे स्वतःही होतो. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये भेटवस्तूंबाबत एक संपूर्ण नियम आहे, आणि ज्यांचा कार्यालयाशी संबंध येतो त्यांचा पाहुणचार वारंवार घेण्याचे टाळावे असा त्यामागचा रोख आहे. ठेकेदाराच्या गाडीतून मुलीच्या लग्नाचे सामान आले की, पुढे त्याच ठेकेदाराच्या रस्त्याची जाडी मोजताना हात आखडतो. लाच घेतली असे तेथे कोणी म्हणणार नाही. हात मात्र बांधला गेला, आणि रोमन सावकाराच्या बेडीप्रमाणे तो बांध कोणाला दिसतही नाही.

येथवर उपकाराची एकच बाजू आली. तेवढीच सांगून थांबणे मात्र गावगाड्यावर अन्याय करण्यासारखे होईल. सावडीने एकमेकांच्या शेतात राबणारी घरे, इर्जिकीला आपले बैल घेऊन येणारे शेजारी, लग्नात आलेला प्रत्येक आहेर वहीत टिपून ठेवणारी आणि परतीच्या लग्नात तो आठवणीने करणारी माणसे, ही सर्व परस्परांना 'ऑब्लाइज' करीतच जगतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दानविषयक प्रबंधात दूरदूरच्या समाजांचा अभ्यास करून असे दाखविले की, देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधनेच असतात आणि त्यांनीच समाज जोडलेला राहतो. येथे कोणी कायमचा देणारा नसतो, कोणी कायमचा घेणारा नसतो. आज ज्याच्या बांधावर भाकरी खाल्ली तो उद्या आपल्या बांधावर येणार असतो. म्हणून ओझे साचत नाही. या संबंधासाठी मराठीत 'ऋणानुबंध' असा एक शब्द आहे. त्यात ऋण आहे आणि बंधही आहे. 'ऑब्लिगेशन' या शब्दातील दोन्ही अर्थ त्यात सामावले आहेत, आणि तरीही तो उच्चारताना कोणाची मान खाली जात नाही. लॅटिनपासून इंग्रजीपर्यंत प्रवास केलेल्या त्या क्रियापदाला इतका प्रेमळ प्रतिशब्द दुसऱ्या एखाद्या भाषेत असेल तर तो शोधण्याजोगा आहे.

फक्त, ऋणानुबंध बांधावर शोभतो. कार्यालयाच्या टेबलाशी देणारा नेहमी एकच असतो आणि घेणाऱ्याला परतफेड करण्याची संधी नसते. असली तर ती बेकायदेशीर असते.

शिक्षकांना एक व्यावहारिक प्रश्न पडेल. इंग्रजी अर्ज शिकविताना मग शेवटी काय लिहावयास सांगावे? विद्यार्थ्याच्या रजेच्या अर्जात 'अँड ऑब्लाइज' चूक आहे असे नव्हे. ते जुने झाले आहे आणि कर्म नसल्याने अर्धवट आहे. त्याऐवजी 'आय शॅल बी ग्रेटफुल' असे पूर्ण वाक्य लिहिणे बरे. ब्रिटिश इंग्रजीत 'ऑब्लाइज्ड' जेथे येते तेथे अमेरिकन पुस्तकांत अनेकदा 'ऑब्लिगेटेड' आढळेल. पण ते केवळ बंधनाच्या अर्थी, आभाराच्या अर्थी नव्हे, हेही मुलांना सांगावे. वरच्या वर्गांत दोन अर्ज समोरासमोर लिहून घ्यावेत : एक सहलीसाठी शेजारच्या गावातील बागायतदाराची बाग पाहण्याची परवानगी मागणारा, आणि दुसरा ग्रामपंचायतीकडे जन्माचा दाखला मागणारा. पहिल्यात विनंती, आभार, सारे काही असू द्यावे. दुसऱ्यात नाव, जन्मतारीख, नोंदणीची माहिती आणि कायद्याचा उल्लेख, एवढे पुरे. त्याखाली 'पोच मिळावी' ही ओळ आणि सही.